जहाज सापडलं, सोनं सापडलं, माणूस कुठे गेला? सटन हूच्या पहिल्या टेकाडाचं प्रकरण

जुलै १९३९ चा शेवटचा आठवडा. इंग्लंडच्या सफक परगण्यात, सटन हू इथे, वाळूच्या एका खोल खड्ड्यात काही माणसं गुडघ्यांवर बसून ब्रशने माती झटकत होती. त्यांच्यासमोर पुरलेल्या जहाजातल्या एका खोलीची मांडणी हळूहळू उघडी पडत होती. पश्चिमेच्या भिंतीशी ढाल आणि धार लावायच्या दगडातून घडवलेला भलामोठा राजदंड. डोकं असायला हवं तिथे डावीकडे कापडात गुंडाळलेलं शिरस्त्राण, उजवीकडे चांदीचे दहा वाडगे एकात एक घालून पालथे ठेवलेले. थोडं खाली तलवार, सोन्याचं बक्कल, नाण्यांच्या थैलीचं झाकण, खांद्यावर अंगरखा अडकवायचे दोन दागिने. पायांच्या बाजूला लोखंडी कड्यांचं चिलखत, चामड्याचे जोडे, घड्या घातलेली कापडं. सगळं एका झोपलेल्या माणसाभोवती लावल्यासारखं.

माणूस मात्र नव्हता. हाड नाही, दात नाही, केस नाही. मधोमध नुसती वाळू.

सटन हूबद्दल लिहिताना बहुतेक जण सोन्यापासून सुरुवात करतात आणि सोन्यापाशीच थांबतात. मला त्या मधल्या रिकाम्या वाळूबद्दल लिहायचं आहे. तिथे माणूस होता की नव्हता, या एका प्रश्नाचा माग काढायला काही दशकं गेली. उत्तर मिळालं ते मातीचा रंग आणि मातीतली रसायनं वाचून, खजिना पाहून नाही.

टेकाडं आणि त्यांचा काळ

वुडब्रिज गावासमोर, डेबन नदीच्या पूर्वेच्या काठावर एक उंच माळ आहे. त्या माळावर साधारण अठरा मातीची टेकाडं आहेत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली आणि आजच्या उत्तर जर्मनी व डेन्मार्कच्या बाजूने अँगल, सॅक्सन वगैरे लोक तिथे येऊन वसले. त्यांच्यात मृताला वस्तूंसह पुरायची किंवा जाळून राख मडक्यात ठेवायची रीत होती. पण ही थडगी बहुतांशी सपाट जमिनीतली होती. एका माणसासाठी मातीचा डोंगर उभा करायची पद्धत इथे जोर धरते ती सहाव्या शतकाच्या अखेरीस.

याच सुमारास, ५९७ मध्ये, रोमहून धर्मप्रचारक ऑगस्टीन इंग्लंडच्या आग्नेयेकडच्या केंटमध्ये उतरला आणि ख्रिस्ती धर्म इंग्लंडच्या राजघराण्यांत शिरायला लागला. पुढे आठव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत थडग्यात वस्तू ठेवणं जवळपास बंदच झालं. म्हणजे सर्वांत मोठी, सर्वांत खर्चिक टेकाडं उभी राहिली ती ही रीत मावळण्याच्या आदल्या एकदोन पिढ्यांत. सटन हूवर पुढे दीर्घकाळ काम केलेले पुरातत्त्वज्ञ मार्टिन कार्व्हर यांनी याचा अर्थ असा लावला, की ही टेकाडं म्हणजे नव्या धर्माला आणि त्यामागच्या फ्रँकिश सत्तेला, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या फ्रँक राजांना, दिलेलं जाहीर उत्तर होतं. मला हे पटतं. ज्याला कोणी आव्हान देत नाही त्या रिवाजासाठी माणसं नदीतून जहाज ओढून माळावर आणत नाहीत.

पहिल्या क्रमांकाचं टेकाड, म्हणजे जहाजाचं, वाचलं ते योगायोगाने. मध्ययुगात शेताच्या बांधाच्या कामात त्याची एक बाजू कापली गेली होती, त्यामुळे त्याचा माथा मूळ मध्यापासून सरकल्यासारखा दिसत होता. सोळाव्या शतकाच्या आसपास लुटारूंनी दिसणाऱ्या माथ्यातून सरळ खाली खड्डा घेतला. दफनाची खोली बाजूला राहिली आणि हे लोक रिकाम्या वाळूत उतरले. त्यांच्या मातीच्या सुरईचे तुकडे त्या खड्ड्यात मिळाले. शेजारच्या इतर अनेक टेकाडांना हे नशीब लाभलं नाही.

बेझिल ब्राउन यांनी काय वाचवलं

जमीन एडिथ प्रेटी या विधवा बाईंची होती. टेकाडं खणून पाहायची त्यांना इच्छा झाली आणि इप्सविचच्या संग्रहालयामार्फत त्यांनी बेझिल ब्राउन यांना बोलावलं. ब्राउन बाराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडलेले, पुढचं सगळं स्वतः वाचून शिकलेले. सफकच्या मातीची त्यांना जी जाण होती ती विद्यापीठातल्या भल्याभल्यांना नव्हती. १९३८ च्या उन्हाळ्यात त्यांनी तीन टेकाडं उघडली. तिन्ही लुटलेली निघाली. एकात मात्र जहाजाचे लोखंडी रिव्हेट, म्हणजे फळ्या जोडायचे खिळे, मिळाले. जवळच स्नेप इथे १८६२ मध्ये एक जहाज-दफन सापडलं होतं आणि त्याचे रिव्हेट ऑल्डबराच्या संग्रहालयात होते. ब्राउन ते पाहून आले.

मे १९३९ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या टेकाडाला हात लागला. मदतीला प्रेटीबाईंचा माळी जॉन जेकब्स आणि शिकारीच्या रानाचा राखणदार विल्यम स्पूनर. ११ मे रोजी जेकब्सच्या हाती लोखंडाचा एक गंजका तुकडा आला. ब्राउन यांनी तिथेच काम थांबवलं. आसपासची वाळू हळूहळू खरवडली तेव्हा आणखी रिव्हेट दिसले, ओळीने, सारख्या अंतरावर.

हा क्षण जरा जवळून पाहायला हवा. लाकूड पार कुजून गेलेलं होतं. एकही फळी उरली नव्हती. उरलं होतं ते काय? फळ्यांच्या जागी किंचित गडद आणि घट्ट झालेली वाळू आणि त्यात जिथल्या तिथे अडकलेले रिव्हेट. रिव्हेट उपटून टोपलीत टाकले असते तर लोखंडाचा एक ढीग मिळाला असता आणि जहाज कायमचं गेलं असतं. ब्राउन यांनी एकही रिव्हेट हलवला नाही. जहाजाच्या टोकापासून सुरुवात करून, आतल्या बाजूने, रंग बदलला की थांबायचं, अशा पद्धतीने ते पुढे सरकत गेले. हत्यारं घरातलीच होती: कोळशाचं फावडं, पेस्ट्रीचा ब्रश, भाता. काही आठवड्यांत सुमारे २७ मीटर लांबीचं जहाज वाळूत उमटलेलं दिसायला लागलं. बरगड्यांच्या खुणा, फळ्यांच्या रांगा, सगळं होतं. जहाज नव्हतं, जहाजाचा ठसा होता.

पुढे माणूस होता का हा वाद उभा राहिला, तेव्हा ‘नाहीशी झालेली वस्तूही वाळू सांगते’ हे ज्या कामाने आधीच दाखवून दिलं होतं, ते हे काम. म्हणून ब्राउन यांचं नाव या प्रकरणात पहिलं घ्यायला हवं.

एवढं मोठं जहाज आहे म्हटल्यावर जुलैमध्ये केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे सूत्रं गेली. स्टुअर्ट आणि पेगी पिगट, विल्यम ग्राइम्स, ओ. जी. एस. क्रॉफर्ड असे अनुभवी लोक आले. २१ जुलैला पेगी पिगट यांना पहिलं सोनं दिसलं. त्यानंतरचे दहा-बारा दिवस अक्षरशः धावपळीचे होते. युद्ध उंबरठ्यावर होतं. खोलीतून २६३ वस्तू निघाल्या.

न्यायालयासमोरचा प्रश्न

१४ ऑगस्ट १९३९ रोजी सटन गावच्या सभागृहात चौकशी बसली. तेव्हाचा इंग्लिश कायदा असा: सोनं-चांदी कोणी पुन्हा काढून घेण्याच्या हेतूने लपवलेलं असेल आणि मालक ठाऊक नसेल, तर ते राजसत्तेचं. पण ते परत काढायचा विचार नसताना जमिनीत ठेवलेलं असेल, तर जमीनमालकाचं.

म्हणजे हे दफन होतं की लपवाछपवी, हे ठरवायचं होतं. आणि ज्याला दफन म्हणायचं त्यात मृतदेहच नव्हता! ज्यूरीपुढे मांडणी झाली ती साध्या व्यवहारज्ञानाची. नदीतून एवढं जहाज वर चढवायचं, त्यासाठी चर खणायचा, आत लाकडी खोली बांधायची, वर टेकाड रचायचं, हे काम रात्रीच्या अंधारात चोरून होत नाही. त्याला शेकडो हात लागतात आणि ते सगळ्यांना दाखवण्यासाठीच केलं जातं. ज्यूरीने खजिना प्रेटीबाईंचा ठरवला. त्यांनी थोड्याच दिवसांत तो सगळा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. चर्चिल यांनी पुढे त्यांना किताब देऊ केला, तोही त्यांनी नाकारला. १९४२ मध्ये त्या वारल्या. आपल्या जमिनीतलं सोनं दालनात मांडलेलं त्यांनी पाहिलंच नाही, कारण युद्धाच्या काळात ते लंडनच्या ऑल्डविच भुयारी स्थानकाच्या बोगद्यात ठेवलेलं होतं. इकडे माळावर लष्कराच्या गाड्या सरावासाठी फिरत होत्या.

रिकामं थडगं?

फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना देहाची खूण दिसली नव्हती. त्यामुळे हे स्मारक असावं, आत माणूस पुरलेलाच नसावा, असं मत पुढे आलं. ते उथळ मुळीच नव्हतं. अंगावरच्या अगदी जवळच्या वस्तू, म्हणजे अंगठी, ताईत, टाचण्या, मिळाल्या नव्हत्या. राजा समुद्रात बुडाला असेल, परमुलखात लढाईत पडला असेल. किंवा तो ख्रिस्ती झालेला असेल, देह चर्चच्या आवारात गेला आणि जुन्या रिवाजाच्या लोकांनी इथे देहाविना मान दिला.

या शेवटच्या शक्यतेला आधार देणाऱ्या वस्तू खोलीत होत्याही. चांदीचे दोन चमचे, एकावर ग्रीक लिपीत ‘पौलोस’ आणि दुसऱ्यावर ‘सौलोस’ असं वाचलं जातं. ख्रिस्ती परंपरेत सौल धर्मांतरानंतर पौल झाला, तेव्हा ही बाप्तिस्म्याची भेट असेल असं काहींना वाटलं. दुसऱ्या बाजूने असंही म्हटलं गेलं की दुसरं नाव हे कोरणाऱ्याची चूक आहे, लिहायचं होतं पौलोसच. मला हा चमचा फार भार पेलू शकेल असं वाटत नाही. भेट आलेल्या वस्तूवरून धर्म ठरवायचा तर त्याच खोलीतलं ७२ सेंटिमीटर व्यासाचं चांदीचं ताट काय सांगतं? त्यावर बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट पहिला अ‍ॅनास्टेशियस याच्या काळाचे शिक्के आहेत. तो ५१८ मध्ये वारला, दफनाच्या शंभरेक वर्षं आधी.

वाळूने दिलेलं उत्तर

माळावरची वाळू आम्लधर्मी आहे. पाणी, हवा दोन्ही तिच्यातून सहज खेळतात. हाड टिकायला याहून वाईट माती शोधून सापडणार नाही. त्यात हा देह जहाजाच्या तळाशी होता. जहाजाचा तळ वाटीसारखा. झिरपून आलेलं पाणी तिथे साचायचं. म्हणजे जिथे देह ठेवला होता तिथेच आम्ल सर्वांत जास्त वेळ मुरलं. ज्या पाण्याने ओकची जाड फळी खाल्ली, त्याने हाडं ठेवली असती हीच आश्चर्याची गोष्ट झाली असती.

पण ‘टिकलं नसेल’ हा पुरावा होत नाही. पुरावा लागतो तो फॉस्फेटचा. हाडांत भरपूर फॉस्फरस असतो, आणि हाड विरघळून गेलं तरी त्यातला काही भाग जवळच्या मातीत आणि धातूंवर अडकून राहू शकतो. १९६५ ते १९७१ या काळात रूपर्ट ब्रूस-मिटफर्ड यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश म्युझियमने हे टेकाड पुन्हा उघडलं. जहाजाच्या ठशाचा प्लॅस्टरचा साचा घेतला आणि १९६७ मध्ये मातीची फॉस्फेटसाठी तपासणी झाली. फॉस्फेटच्या खुणा मिळाल्या. देह होता आणि विरघळला, या बाजूला पारडं झुकलं.

शंका घ्यायला तरीही जागा होती. खोलीत मांस ठेवलं असेल, हस्तिदंती सोंगट्या होत्या, त्यांचंही फॉस्फेट येणारच. ही शंका बरीचशी मिटली ती शेजारच्या थडग्यांनी. १९८० च्या दशकात कार्व्हर यांच्या पथकाने माळावर कितीतरी थडगी उघडली. त्यांत हाडं जवळपास नव्हतीच. होते ते वाळूतले देह. मांस-हाडाच्या जागी गडद, किंचित कडक झालेली वाळू. हात कुठे, गुडघा कुठे मुडपला, मान कशी वळली हे तिच्या आकारावरून दिसतं. यांतली बरीच थडगी नंतरच्या शतकांतली आणि देहदंड दिलेल्यांची होती. खणणाऱ्याच्या हातातली थापी जरा जास्त खोल गेली तर त्या माणसाचा हात झटक्यात नाहीसा होणार, इतका नाजूक पुरावा. दुसऱ्या क्रमांकाचं टेकाड पूर्ण लुटलेलं होतं, तरी त्याच्या खोलीच्या जमिनीच्या रासायनिक नकाशात नैर्ऋत्य कोपऱ्यात देह असल्याचे संकेत मिळाले.

सतराव्या टेकाडाची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९१ मध्ये तिथे साधारण २५ वर्षांचा एक तरुण शवपेटीत मिळाला आणि शेजारच्या वेगळ्या खड्ड्यात त्याचा घोडा. इथेही लुटारू आले होते. त्यांचा खड्डा या दोन थडग्यांच्या बरोबर मधल्या भिंतीवर उतरला होता.

शेवटचा दुजोरा सटन हूबाहेरून आला. एसेक्समध्ये साउथएंडजवळ प्रिटलवेल इथे २००३ मध्ये रस्त्याच्या कामाआधीच्या उत्खननात एक न लुटलेली दफनखोली निघाली. भांडी भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेली जशीच्या तशी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ती सहाव्या शतकाच्या अखेरची. तिथे डोक्याच्या जागी सोन्याच्या पत्र्याचे दोन क्रूस होते, आणि माणसाचं उरलेलं सगळं म्हणजे दातांच्या एनॅमलचे काही कण. तेवढेही राहिले नसते तर प्रिटलवेललाही आपण रिकामं थडगं म्हणालो असतो का?

हे सगळं एकत्र ठेवलं की पहिल्या टेकाडात माणूस पुरलेला होता असंच म्हणावं लागतं. आज बहुतेक अभ्यासकांचं मतही तेच आहे. वाद उरला आहे तो देह पेटीत होता की मंचकावर, एवढ्यापुरता.

कोण होता?

थैलीत सोन्याची ३७ फ्रँकिश नाणी होती. प्रत्येक नाणं वेगळ्या टांकसाळीतलं. सोबत न छापलेल्या सोन्याच्या तीन चकत्या आणि दोन छोट्या लगडी. बाजारात फिरता फिरता साठलेला पैसा असा नसतो. कोणीतरी निवडून हा संच जमवला होता. नाणी आणि चकत्या मिळून चाळीस, म्हणजे परलोकातल्या चाळीस वल्हेकऱ्यांची मजुरी आणि लगडी सुकाणूवाल्याच्या, अशी एक सुंदर कल्पना नाणेतज्ज्ञ फिलिप ग्रिअर्सन यांनी मांडली. कल्पना म्हणून ती मला आवडते, पुरावा म्हणून वापरायला धजणार नाही. नाण्यांतल्या सोन्याच्या शुद्धतेवरून संचाचा काळ सातव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात येतो.

त्या काळातला ईस्ट अँग्लियाचा, म्हणजे सफक ज्यात येतं त्या राज्याचा, सर्वांत बलाढ्य राजा म्हणजे रॅडवाल्ड. तो ६२४-२५ च्या सुमारास वारला. त्याच्याबद्दल जॅरोच्या मठातला भिक्षू बीड याने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात लिहून ठेवलं आहे, की केंटमध्ये बाप्तिस्मा घेऊन परतल्यावर पत्नी आणि सल्लागारांनी त्याचं मन वळवलं, आणि त्याने एकाच मंदिरात ख्रिस्तासाठी एक वेदी आणि जुन्या देवतांच्या बळींसाठी दुसरी ठेवली. बीडला हे निंद्य वाटलं. पण थडग्यातली मांडणी पाहिली की दोन वेद्यांची ही गोष्ट खोटी वाटत नाही. काळ जुळतो, मुलूख जुळतो, वैभव जुळतं. नाव कोरलेली वस्तू मात्र एकही नाही, म्हणून ‘बहुधा रॅडवाल्ड’ यापुढे प्रामाणिकपणे जाता येत नाही.

गार्नेट, डांबर आणि तलवारीची मूठ

आता वस्तूंकडे. खांद्यावरच्या दागिन्यांत सोन्याच्या पातळ भिंतींचे इवलेसे कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात त्याच आकाराची कापलेली लालभडक गार्नेटची चकती. चकतीखाली सोन्याचा बारीक पत्रा, आणि त्या पत्र्यावर ठशाने उठवलेली इतकी बारीक जाळी की ती पाहायला भिंग लागावं. प्रकाश दगडातून आत जातो, जाळीवर आपटतो आणि परत येतो. म्हणून दागिना आतून पेटल्यासारखा दिसतो. शिरस्त्राणाच्या एका भुवईतल्या गार्नेटांखाली हा पत्रा आहे, दुसरीत नाही. दिवाणखान्यातल्या जाळाच्या उजेडात एक भुवई चमकणार, दुसरी विझलेली. अँग्लो-सॅक्सनांचा एकाक्ष देव वोडन याची ही आठवण असावी, असा अर्थ अलीकडे लावला गेला आहे.

त्या काळच्या युरोपातल्या दागिन्यांमधल्या गार्नेटांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा त्यांचे उगम भारत, श्रीलंका आणि बोहेमिया (आजच्या चेकियाचा भाग) असे निघाले. आपल्या मातीतला दगड समुद्र ओलांडून त्या कारागिरांच्या हाती पोचत होता. याच थडग्यातले काळे गोळे जहाज डागडुजीच्या पाइनच्या डांबराचे समजले जात होते. २०१६ मधल्या तपासणीत ते मध्यपूर्वेतलं नैसर्गिक डांबर निघालं. सफकच्या त्या माळाला आडबाजूचं ठिकाण म्हणणं त्यानंतर अवघड आहे.

या वस्तू मृताच्या मालकीच्या होत्या, की शोक करणाऱ्यांनी दाखवण्यासाठी गोळा केल्या? काही नक्कीच दुसऱ्या प्रकारच्या आहेत. एका माणसाला जेवायला एवढ्या मोठ्या कढया लागत नाहीत. त्या त्याच्या नावाने इतरांना जेवू घालायच्या, राजाच्या पंगतीच्या. पण काही वस्तूंवर वापराची खूण आहे. ब्रिटिश म्युझियमच्या सू ब्रनिंग यांनी तलवारीच्या मुठीवरचं सोनं आणि गार्नेट बारकाईने तपासलं. झीज एकाच बाजूला होती. वर्षानुवर्षं कोणीतरी कमरेच्या तलवारीवर हात टेकवून उभं राहिलं होतं, आणि झिजेची जागा सांगते की तो माणूस डावखुरा असावा. डावखुरा माणूस तलवार उजव्या कमरेला बांधतो.

१९३९ च्या आराखड्यात तलवार देहाच्या रिकाम्या जागेच्या उजव्या अंगाला आहे.